बाहेरच्या सेवेशी जोडताना ओळख नाकारली जाते तेव्हा: नकार कोणी दिला, हे शोधण्याची रीत

बाहेरच्या सेवेशी जोडलेलं अॅप काल चालत होतं आणि आज ४०१ (ओळख नाकारल्याचा एचटीटीपी कोड) देतंय. अशा वेळी बहुतेकांचा हात लगेच नवी की (सेवेने अॅपला दिलेली गुप्त किल्ली) तयार करण्याकडे जातो. माझं पहिलं सांगणं एवढंच, की नवी की एवढ्यात बनवू नका. काही सेवांमध्ये नवी की निघताच जुनी बंद होते. ती जुनी की आणखी कुठल्या स्क्रिप्टमध्ये वापरात असेल, तर एका बिघाडाचे दोन होतात. शिवाय पुरावाही हातचा जातो. नव्या कीने काम झालं, तरी जुनीला काय झालं होतं हे कळत नाही आणि तीच अडचण पुन्हा दारात उभी राहते.

ओळख पटण्याच्या वाटेत बरेच जण असतात. तुमचा कोड, त्याखालची लायब्ररी, मधला प्रॉक्सी (विनंती पुढे नेणारा मध्यस्थ), समोरच्या सेवेचा गेटवे (प्रवेशद्वार), टोकन (ठरावीक मुदतीची ओळखचिठ्ठी) देणारा सर्व्हर आणि शेवटी प्रत्यक्ष माहिती देणारा सर्व्हर. ‘अनऑथराइज्ड’ हा एकच शब्द यांपैकी कोणीही पाठवू शकतो. म्हणून दोन गोष्टी शोधायच्या: नकार कोणी दिला, आणि त्याच्यापर्यंत नेमकं काय पोचलं होतं. आपल्याला काय पाठवलंसं वाटतं आणि समोर काय पोचतं, यांत जो फरक असतो, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

## आधी पूर्ण उत्तर हातात घ्या

लायब्ररी ‘रिक्वेस्ट फेल्ड विथ स्टेटस ४०१’ एवढंच सांगते आणि उत्तराचा मजकूर गिळून टाकते. खरं कारण त्या मजकुरातच लिहिलेलं असतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्टेटस कोड, सगळे हेडर (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळी) आणि पूर्ण बॉडी (मुख्य मजकूर) लॉगमध्ये उतरवणं. तेवढं झाल्याशिवाय कोडची एकही ओळ बदलू नका.

स्टेटसचा अर्थ नीट लावा. ४०१ म्हणजे तुम्ही कोण हेच पटलेलं नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण हे काम करू द्यायचं नाही. पहिल्यात की, टोकन किंवा हेडर तपासायचा, दुसऱ्यात परवानग्या. या दोन्हींत गल्लत झाली की दिवस वाया जातो. ४०७ आला तर ओळख तुमच्याच बाजूचा प्रॉक्सी मागतोय, पलीकडच्या सेवेचा त्यात काही संबंध नाही. ४२९ म्हणजे विनंत्यांची मर्यादा ओलांडली. ४०४ मात्र फसवा असतो. गिटहबचंच पाहा: खाजगी रिपॉझिटरीसाठी टोकनला परवानगी नसेल तर ४०३ ऐवजी ४०४ मिळतो, म्हणजे ती रिपॉझिटरी आहे हेसुद्धा परक्याला कळत नाही. पत्ता बरोबर असून ‘सापडलं नाही’ असं उत्तर येत असेल, तर टोकनच्या परवानग्या पाहा.

४०१ सोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ नावाचा हेडर येतो. एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे तो असलाच पाहिजे, जरी काही सेवा तो विसरतात. बेअरर टोकनच्या (जवळ असेल त्याला प्रवेश देणाऱ्या टोकनच्या) बाबतीत त्यात ‘इनव्हॅलिड टोकन’ किंवा ‘इन्सफिशियंट स्कोप’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. पहिल्याचा अर्थ टोकन संपलंय, रद्द झालंय किंवा मोडकं आहे. दुसऱ्याचा अर्थ टोकन चांगलं आहे, पण त्याचा स्कोप (परवानग्यांची व्याप्ती) या कामापुरता नाही; तो सहसा ४०३ सोबत येतो.

बॉडी कशी दिसते हेही पाहा. एरवी जेसन देणारी सेवा अचानक एचटीएमएल पान पाठवू लागली, तर तो नकार बहुधा सेवेच्या आतून आलेला नसतो. तो वाटेतल्या फायरवॉलचा किंवा गेटवेचा असतो. मग की कितीही वेळा बदलली तरी काही फरक पडत नाही.

## अॅप बाजूला ठेवून तीच विनंती करा

आता ज्या मशीनवर अॅप चालतंय त्याच मशीनवर टर्मिनल उघडा आणि कर्लने (विनंत्या पाठवणाऱ्या आज्ञेने) तीच विनंती हाताने पाठवा. व्हर्बोज (सविस्तर) पर्याय चालू ठेवा, म्हणजे गेलेला आणि आलेला प्रत्येक हेडर दिसेल. निवडायची विनंती सगळ्यात साधी. बऱ्याच सेवांमध्ये ‘मी कोण’ सांगणारा एक पत्ता असतो, तो असेल तर उत्तमच.

कर्ल चाललं आणि अॅप अडलं, तर दोष तुमच्या कोडमध्ये किंवा कॉन्फिगरेशनमध्ये आहे. दोन्ही अडले, पण तुमच्या लॅपटॉपवरून तीच विनंती पार पडली, तर दोष त्या मशीनचा: तिचा आयपी सेवेच्या परवानगी यादीत नसेल, प्रॉक्सी मध्ये येत असेल किंवा घड्याळ चुकलं असेल. सगळीकडूनच अडलं, तर की, टोकन किंवा खातं. या एका पायरीत शोधाची जागा निम्म्याहून कमी होते. ती टाळून थेट कोडमध्ये शिरणारे पुष्कळदा चुकीच्या फाइलमध्ये तासन्‌तास काढतात.

एक काळजी घ्या. व्हर्बोज लॉगमध्ये टोकन उघडं दिसतं. तो मजकूर चॅटवर किंवा तिकिटात चिकटवण्याआधी टोकन झाका. जेडब्ल्यूटी (जेसन माहिती असलेलं, सही केलेलं टोकन) उघडून पाहायचं असेल तरी उत्पादनातलं (प्रत्यक्ष वापरातलं) चालू टोकन कुठल्यातरी संकेतस्थळावर टाकू नका. त्याचा मधला भाग फक्त बेस६४यूआरएल या, गुप्त नसलेल्या लिखाणपद्धतीत असतो, आपल्याच मशीनवर दोन ओळींच्या स्क्रिप्टने तो उलगडता येतो.

## की तीच आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असं निघतं. पूर्ण की लॉगमध्ये छापण्याऐवजी अॅप चालू असतानाच तीन गोष्टी छापा: कीची लांबी, पहिली चार अक्षरं आणि तिच्या एसएचए-२५६ हॅशची (कीवरून काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या ठशाची) पहिली आठ अक्षरं. डॅशबोर्डवरून घेतलेल्या कीचंही तेवढंच काढा आणि ताडून पाहा. लांबी एकाने जास्त भरली तर शेवटी रिकामी जागा किंवा नवी ओळ चिकटली आहे. दोनाने जास्त भरली तर बहुधा अवतरण चिन्हं आत गेली आहेत. डॉकरच्या (अॅप वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) रन आज्ञेला एनव्ही फाइल (की वगैरे सेटिंगची फाइल) दिली, की त्यातली अवतरण चिन्हं जशीच्या तशी कीचा भाग बनतात, तर डॉकर कंपोज ती काढून टाकतं. तीच फाइल एकीकडे चालते आणि दुसरीकडे अडते, ती यामुळे.

बेसिक ऑथेंटिकेशनमध्येही (नाव-पासवर्ड थेट हेडरमध्ये पाठवण्याच्या पद्धतीत) असाच सापळा आहे. नाव आणि पासवर्ड यांच्या मध्ये अपूर्णविराम (:) ठेवून बेस६४ करताना टर्मिनलची एको आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते. तयार झालेला मजकूर दिसायला व्यवस्थित असतो, पण सर्व्हरला पासवर्ड चुकीचा वाटतो. एकोला डॅश-एन (-n) द्या किंवा सरळ प्रिंटएफ वापरा.

यानंतर ती की कुठल्या वातावरणाची आहे, चाचणीच्या का खऱ्या वापराच्या, ते पाहा. स्ट्राइप आणि रेझरपे या पेमेंट सेवांच्या की सुरुवातीच्या अक्षरांतच ‘टेस्ट’ की ‘लाइव्ह’ ते सांगतात. चाचणीची की खऱ्या पत्त्यावर किंवा खरी की चाचणीच्या पत्त्यावर गेली, तर बहुतेक सेवा फक्त ‘अवैध की’ एवढंच म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या ओळख-सेवेत क्लायंट सिक्रेट (अॅपचा पासवर्ड) बनवताना दोन रकाने दिसतात, ‘व्हॅल्यू’ आणि ‘सिक्रेट आयडी’. वापरायची ती व्हॅल्यू, आणि ती एकदाच दाखवली जाते. नंतर परत येऊन समोर दिसणारा आयडी कॉपी केला तर एएडीएसटीएस७०००२१५ ही चूक मिळते. ७०००२२२ मिळाली तर सिक्रेटची मुदत संपली आहे. हे आकडे शोधपेटीत टाकले की थेट कारण सापडतं, म्हणून लॉगमधून ते कापू नका.

जुना कोड उकरून काढला असेल तर आणखी एक शक्यता तपासा: ती पद्धतच बंद झाली असेल. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइन या ईमेल सेवेतलं बेसिक ऑथेंटिकेशन टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. पासवर्ड अगदी अचूक असला तरी अशा ठिकाणी दार उघडत नाही.

## हेडर वाटेत गळतो

की बरोबर, कोड बरोबर, तरी सर्व्हर म्हणतो की ओळखपत्र आलंच नाही. तसं असेल तर ऑथरायझेशन हेडर (की किंवा टोकन नेणारी ओळ) वाटेतच कुठेतरी गळला आहे.

रीडायरेक्ट (सर्व्हरने विनंती दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. पत्ता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर वळला की कर्ल आणि पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी दोघंही ऑथरायझेशन हेडर काढून टाकतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता हे त्यांच्या लेखी वेगळे होस्ट. उपाय सोपा आहे, अंतिम पत्ताच कॉन्फिगरेशनमध्ये लिहा. हेडर जबरदस्तीने पुढे पाठवणारे पर्याय वापरू नका, नाहीतर तुमचं टोकन परक्या सर्व्हरच्या हाती जाईल.

विनंती घेणारा सर्व्हर तुमचा स्वतःचा असेल, तर अपाचे वेब सर्व्हर सीजीआय स्क्रिप्टला (सर्व्हरने चालवलेल्या बाहेरच्या प्रोग्रामला) हा हेडर आपणहून देत नाही. आवृत्ती २.४.१३ पासून ‘सीजीआयपासऑथ ऑन’ लिहून तो देता येतो. पीएचपी अशा पद्धतीने चालत असेल तर आधी हेच बघा.

ब्राउझरमधून थेट विनंती जात असेल तर सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनला विनंती करण्यावरच्या ब्राउझरच्या नियमांची) चूक दिसते आणि मूळ कारण तिच्यामागे लपतं. ब्राउझर आधी ऑप्शन्स प्रकारची चौकशी पाठवतो आणि त्या चौकशीत ऑथरायझेशन हेडर नसतोच. सर्व्हरने तिलाही टोकन मागितलं तर खरी विनंती निघतच नाही. चौकशीला टोकनशिवाय उत्तर द्यायला सर्व्हरला सांगावं लागतं.

## घड्याळ

या तपासणीला एक मिनिट लागतं आणि नेमकी हीच राहून जाते. सही केलेल्या विनंत्या आणि जेडब्ल्यूटी वेळेवर अवलंबून असतात. अॅमेझॉनच्या एस३ या साठवणसेवेला तुमच्या आणि त्यांच्या घड्याळात १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, ‘रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड’ असं उत्तर येतं. मशीनची यूटीसी वेळ आणि सेवेच्या उत्तरातला ‘डेट’ हेडर शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. स्लीपमधून उठलेली व्हर्च्युअल मशीन यात हमखास मागे पडते. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे याची खात्री करा.

जेडब्ल्यूटी स्वतः बनवत असाल तर त्यातली ‘ईएक्सपी’ (संपण्याची वेळ) आणि ‘आयएटी’ (बनवल्याची वेळ) ही मूल्यं सेकंदांत लागतात. जावास्क्रिप्टची वेळ मिलिसेकंदांत असते, १००० ने भागायचं राहिलं की टोकनची तारीख हजारो वर्षं पुढे जाते आणि समोरची सेवा ते फेकून देते. ‘ऑडियन्स’ (टोकन कोणासाठी) आणि ‘इश्युअर’ (कोणी दिलं) ही मूल्यंही अक्षर न्‌ अक्षर जुळली पाहिजेत, शेवटच्या तिरक्या रेघेसकट.

## ओऑथ: कुठल्या टप्प्यावर अडलं ते आधी ठरवा

ओऑथ म्हणजे वापरकर्त्याचा पासवर्ड न घेता त्याच्या संमतीने अॅपला दुसऱ्या सेवेत प्रवेश देण्याची पद्धत. ओऑथ २.० चा मूळ आराखडा ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ म्हणून आला. आज बहुतेक मोठ्या सेवा त्यावरच चालतात, आणि सर्वात जास्त वेळ जातो तोही इथेच. ‘ओऑथ चालत नाही’ या वाक्याने काहीच कळत नाही. वापरकर्ता संमतीच्या पानावर जातो, तिथून एकदाच चालणारा कोड (प्रोग्रामचा कोड नव्हे) घेऊन परत येतो, त्या कोडच्या बदल्यात टोकन मिळतं, टोकन वापरलं जातं आणि संपल्यावर नवं केलं जातं. यांपैकी कुठे थांबलं ते ब्राउझरच्या पत्त्यावरून आणि नेटवर्क टॅबवरून आधी निश्चित करा.

संमतीचं पान उघडण्याआधीच चूक आली तर कारण बहुधा रीडायरेक्ट यूआरआय, म्हणजे वापरकर्त्याला तुमच्या अॅपकडे परत आणणारा पत्ता. नोंदवलेला पत्ता आणि पाठवलेला पत्ता तंतोतंत सारखे लागतात. एचटीटीपी की एचटीटीपीएस, पोर्ट, लहान-मोठी अक्षरं, शेवटची तिरकी रेघ, सगळं धरून. गूगल याला ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ म्हणतं, मायक्रोसॉफ्ट एएडीएसटीएस५००११. कोडमध्ये काय लिहिलंय ते पाहू नका, ब्राउझरच्या पत्त्यात प्रत्यक्ष काय गेलं ते डीकोड करून पाहा. अॅप रिव्हर्स प्रॉक्सीमागे (बाहेरच्या विनंत्या घेऊन अॅपकडे देणाऱ्या सर्व्हरमागे) असेल तर फ्रेमवर्कला बाहेरचं एचटीटीपीएस दिसतच नाही आणि तो आपल्या परीने एचटीटीपीचा पत्ता बनवतो. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पुढे पाठवून फ्रेमवर्कला त्यावर विश्वास ठेवायला सांगितलं की हे सुटतं. गूगलच्या कन्सोलमध्ये पत्ता बदलल्यावर तो लागू व्हायला काही वेळ जातो, तोवर धीर धरा.

वापरकर्ता परत आला, पण ‘स्टेट (लॉगिन सुरू करताना अॅपने कुकीत ठेवलेली खूण) जुळत नाही’ असं आलं, तर बहुधा कुकी हरवली आहे. उत्तर पोस्ट पद्धतीने परत येत असेल तर सेमसाइट (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का ते ठरवणारा पर्याय) लॅक्स असलेली कुकी त्यासोबत येत नाही. २०२० मध्ये क्रोम ८० ने सेमसाइट न लिहिलेल्या कुकींना लॅक्स मानायला सुरुवात केली, पण नुकत्याच बनलेल्या कुकींना दोन मिनिटांची सवलत ठेवली. त्यामुळे पटकन लॉगिन करणाऱ्याचं काम होतं आणि पासवर्ड शोधत बसलेल्याचं अडतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार आली तर इथे पाहा. त्या कुकीला सेमसाइट नन आणि सिक्युअर हे दोन्ही द्या. स्टेटची तपासणीच काढून टाकण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका. परक्याने सुरू केलेलं लॉगिन तुमच्या वापरकर्त्याच्या गळ्यात पडू नये, म्हणून ती तपासणी आहे.

कोडच्या बदल्यात टोकन घेताना दोन वेगळ्या चुका येतात. ‘इनव्हॅलिड क्लायंट’ म्हणजे तुमच्या अॅपचीच ओळख पटली नाही: आयडी किंवा सिक्रेट चुकलं, किंवा ते चुकीच्या जागी पाठवलं. काही सर्व्हर ते बेसिक हेडरमध्ये मागतात, काही बॉडीत. सिक्रेटमध्ये अधिकचिन्ह किंवा टक्केचिन्ह असेल तर ते फॉर्मच्या नियमाने एन्कोड झालं का ते पाहा. आणि टोकनच्या पत्त्याला बॉडी फॉर्मच्या स्वरूपात लागते. सवयीने जेसन पाठवलं तर सर्व्हरला त्यात काहीच सापडत नाही आणि ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट’ मिळतं. अॅपलच्या लॉगिनमध्ये सिक्रेट म्हणजे तुम्हीच सही केलेलं जेडब्ल्यूटी असतं आणि त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. एकदा बनवून कॉन्फिगरेशनमध्ये ठेवून दिलं तर सहा महिन्यांनी सगळ्यांचं लॉगिन एकाच वेळी बंद पडतं.

‘इनव्हॅलिड ग्रँट’ वेगळं. अॅपची ओळख पटली, पण आणलेला कोड किंवा रिफ्रेश टोकन (संपलेल्या टोकनऐवजी नवं मिळवून देणारं टोकन) चालत नाही. कोड एकदाच वापरता येतो आणि अल्पायुषी असतो. मूळ आराखडा जास्तीत जास्त १० मिनिटं सुचवतो, अॅपलचा कोड ५ मिनिटांत संपतो. परत येण्याचं पान दोनदा लोड झालं, किंवा रिअॅक्टच्या (जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) विकसन अवस्थेत स्ट्रिक्ट मोडमुळे इफेक्ट (पान दिसल्यावर आपोआप चालणारा कोड) दोनदा चालला, तर दुसरा प्रयत्न अडतो. इतकंच नाही, तोच कोड पुन्हा आला की सर्व्हर पहिल्या वेळी दिलेली टोकनंही रद्द करू शकतो. पीकेसीई (कोड चोरीला गेला तरी दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची जोड) वापरत असाल तर सुरुवातीला बनवलेला व्हेरिफायर (त्यासाठीची गुप्त खूण) शेवटपर्यंत तोच राहिला का ते पाहा. वापरकर्त्याने दोन टॅबमध्ये लॉगिन सुरू केलं की दुसरा पहिल्याला पुसून टाकतो.

## काही दिवसांनी तुटणारी जोडणी

पहिल्या दिवशी सगळं चालतं आणि नंतर एक दिवस बंद पडतं. इथे प्रश्न रिफ्रेश टोकनचा.

गूगलच्या बाबतीत काही नेमकी कारणं आहेत. अॅप बाह्य वापरकर्त्यांसाठी असून ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल तर रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला जोडणी तुटत असेल तर कोड तपासू नका, अॅप प्रसिद्ध अवस्थेत न्या. टोकन सहा महिने वापरलं नाही तरी ते बाद होतं. जीमेलच्या परवानग्या असलेलं टोकन वापरकर्त्याने पासवर्ड बदलताच जातं. एका खात्याला एका क्लायंट आयडीमागे १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की सर्वात जुनं टोकन गुपचूप रद्द होतं. चाचण्या प्रत्येक वेळी नव्याने लॉगिन करत असतील तर उत्पादनातलं टोकन त्यामुळेच मरतं. रिफ्रेश टोकन मिळतच नसेल, तर विनंतीत ऑफलाइन प्रवेश मागितलाय का ते पाहा. ते सहसा पहिल्या संमतीच्या वेळीच मिळतं, पुन्हा हवं असेल तर संमती पुन्हा मागावी लागते.

मायक्रोसॉफ्टकडे एका पानाच्या वेब अॅपला मिळालेलं रिफ्रेश टोकन २४ तासच टिकतं. सर्व्हरसाठीची जोडणी चुकून त्या प्रकारात नोंदवली असेल तर ती रोज तुटेल.

सर्वात चिवट दोष मात्र टोकन फिरवण्याचा. काही सेवा प्रत्येक रिफ्रेशला नवं रिफ्रेश टोकन देतात आणि जुनं बाद करतात. तुमच्या अॅपचे दोन वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) एकाच क्षणी रिफ्रेश करायला गेले, तर एकाला नवं मिळतं आणि दुसरा जुनंच घेऊन पोचतो. सेवेला ती चोरी वाटते आणि ती संपूर्ण जोडणीच रद्द करते. लॉगमध्ये दोन रिफ्रेश काही मिलिसेकंदांच्या अंतराने दिसले तर निदान पक्कं. प्रत्येक खात्यामागे एक लॉक (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारं कुलूप) ठेवा, लॉक मिळाल्यावर डेटाबेसमधून टोकन पुन्हा वाचा, आणि दुसऱ्याने ते आधीच नवं केलं असेल तर तेच वापरा. नवं टोकन साठवून झाल्यावरच लॉक सोडा.

## टोकन चांगलं आहे, तरी ४०३

मागितलेला स्कोप आणि मिळालेला स्कोप वेगळे असू शकतात. संमतीच्या पानावर वापरकर्ता एखादी खूण काढू शकतो. टोकनच्या उत्तरातला स्कोप वाचून साठवा. कोडमध्ये नवा स्कोप जोडला तरी जुन्या टोकनांना तो लागत नाही, वापरकर्त्याची संमती नव्याने घ्यावी लागते. संस्थेच्या खात्यांत प्रशासकाची मंजुरी लागते ती वेगळीच. गिटहबचा एपीआय तर यूझर-एजंट (विनंती करणाऱ्या प्रोग्रामचं नाव सांगणारा) हेडर नसला तरी ४०३ देतो, टोकन कितीही चांगलं असो.

वेबहूकची (सेवेने आपणहून तुमच्या सर्व्हरला पाठवलेल्या सूचनेची) सही जुळत नसेल तर एकच गोष्ट आधी पाहा: सही कच्च्या बॉडीवर काढलेली असते. फ्रेमवर्कने जेसन वाचून पुन्हा लिहिलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि सही मोडते. पार्स होण्याआधीचे बाइट्स घ्या.

## मदत मागताना

एवढं करूनही उलगडलं नाही तर सेवेच्या मदत विभागाला लिहा, पण ‘४०१ येतोय’ एवढंच लिहू नका. विनंतीची यूटीसी वेळ, उत्तराच्या हेडरमधला रिक्वेस्ट आयडी, पूर्ण पत्ता, पद्धत, स्टेटस, बॉडी, क्लायंट आयडी आणि झाकलेलं टोकन द्या. कर्लने काय झालं आणि कुठल्या मशीनवरून झालं तेही द्या. रिक्वेस्ट आयडी असेल तर त्यांना त्यांच्या लॉगमधली नेमकी ओळ सापडते. सिक्रेट मात्र कोणालाही देऊ नका, मदत विभागाला ते कधीच लागत नाही. तपासाच्या गडबडीत ते कुठे उघडं पडलं असेल, तर नवी की बनवण्याची वेळ हीच. सेवा एका वेळी दोन की चालू ठेवू देत असेल तर आधी नवी सगळीकडे बसवा, जुनीचा वापर थांबला हे लॉगमध्ये पाहा आणि मगच जुनी बंद करा.